पाहुणीचा पत्ता

चिपळूणहून कराडच्या रस्त्याला लागलं की कुंभार्ली घाट चढायच्या आधी अलोरे लागतं. गावापेक्षा वसाहतीसाठी जास्त ओळखलं जाणारं गाव. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पोफळीला उतरतं, तिथली चक्रं फिरवतं, कोळकेवाडी धरणात जरा टेकतं आणि पुन्हा खाली येऊन अलोरेच्या वीजघरात ८० मेगावॅटचे चार संच चालवतं. एवढं काम उरकून ते वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणला वळसा घालून दाभोळच्या खाडीकडे निघून जातं. सत्तरच्या दशकात हा तिसरा टप्पा उभारायला राज्यभरातून माणसं आली. इंजिनिअर, ओव्हरसियर, फिटर, वेल्डर, कारकून, आणि त्यांची बिऱ्हाडं. क्वार्टर्स झाले, शाळा झाली, दवाखाना झाला, गणपती बसू लागला, गॅदरिंगं होऊ लागली. टप्पा संपला तसे बदलीचे कागद आले आणि माणसं पांगली. पुढे बऱ्याच क्वार्टर्सना कुलपं लागली.

या गेलेल्या माणसांबद्दल अलोरेत कुणी ‘तो फिटर गायब झाला’ असं म्हणत नाही. ‘त्याची बदली झाली’ म्हणतात. त्याच वसाहतीतल्या घरांत टीव्ही आला, संध्याकाळी त्यावर एखादी मुलगी दिसली, दोन-तीन वेळा दिसली, डोळ्यांत भरली आणि मग दिसेनाशी झाली, की मात्र शब्द बदलतो. ‘ती हो, त्या मालिकेत एका भागात आली होती, काय सुंदर काम केलं होतं. पुढे गायबच झाली!’ फिटरची बदली आणि नटीचं गायब होणं, दोन्हींत घडलेलं एकच असतं. माणूस आलं, नेमलेलं काम करून गेलं. मग एकाच्या जाण्यात गूढ का नाही आणि दुसरीच्या जाण्यात का आहे?

मराठीत आपण तिला ‘पाहुणी कलाकार’ म्हणतो, ही त्यातली गंमत. पाहुणीला जायचंच असतं. कोकणात गौरी तीन दिवसांची माहेरवाशीण म्हणून येते, जेवते, ओवसा घेते आणि जाते. चौथ्या दिवशी ती कुठे गेली म्हणून कुणी शोधाशोध करत नाही. पडद्यावरच्या पाहुणीने मात्र राहायला हवं होतं, अशी आपली समजूत. ‘आश्वासक’ हे विशेषण तिथूनच येतं. आश्वासन कुणी कुणाला दिलं होतं? तिने तीन प्रसंग केले. बाकीचं आपण मनातल्या मनात लिहून टाकलं आणि तिने ते पाळलं नाही म्हणून हळहळत बसलो.

या हळहळीचं सगळ्यात ठळक मराठी उदाहरण सांगलीच्या पटवर्धनांच्या घरातलं. अमोल पालेकरांनी दूरदर्शनसाठी ‘कच्ची धूप’ ही मालिका केली, १९८७ साली. लुईसा मे अल्कॉटच्या ‘लिटल वुमेन’वर बेतलेली. त्यात भाग्यश्री पटवर्धन पहिल्यांदा दिसली. हकिगत सांगितली जाते ती अशी, की ज्या मुलीला आधी घेतलं होतं ती ऐन वेळी मालिका सोडून गेली आणि पालेकरांनी ओळखीच्या घरातल्या या मुलीला विचारलं. दोन वर्षांनी ‘मैंने प्यार किया’ आला, देश वेडा झाला, आणि त्यानंतर लगेच भाग्यश्रीने लग्न करून मोठ्या प्रस्तावांकडे पाठ फिरवली. तेव्हापासून आजवर ‘यशाच्या शिखरावरून गायब झालेली नायिका’ या मथळ्याखाली तिच्यावर किती लिहिलं गेलं असेल त्याला गणती नाही. वास्तविक ती मालिकांत दिसत होती, मराठीसह वेगवेगळ्या भाषांतल्या चित्रपटांत काम करत होती. तिच्या बाबतीत कुणाला काही शोधायची गरजच नव्हती.

आणि तिच्या आधी जी सोडून गेली, ती? त्या हकिगतीत तिला एक उपवाक्य मिळालंय. नाव नाही. भाग्यश्रीच्या ‘गायब’ होण्यावर रकाने भरले आणि खरोखर जिचा मागमूस नाही ती त्याच गोष्टीत दारामागे उभी आहे.

इथेच दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात, कारण आपण त्या एकाच शब्दात कोंबतो. बाईने पडदा सोडणं ही एक गोष्ट. तिने जे काम केलं त्याची नोंदच न राहणं ही दुसरी. पहिलीवर आपण उसासे टाकतो. दुसरीचं मात्र कुणाला काही वाटत नाही. खरं तर पहिली बहुतेक वेळा तिचा खासगी मामला असतो आणि दुसरी आपली सार्वजनिक हलगर्जी. ‘गायब झाली’ या क्रियापदाचा कर्ता ती असते. ‘गायब केली’ म्हणायचं झालं तर कर्ता शोधावा लागेल, आणि तो शोध दूरदर्शनच्या टेपांपासून आपल्या घरातल्या रिमोटपर्यंत येईल.

आधी पहिल्या गोष्टीचा निकाल लावू. औरंगाबादची मयूरी कांगो सईद मिर्झांच्या ‘नसीम’मध्ये (१९९५) दिसली, पुढच्या वर्षी महेश भट्टांच्या ‘पापा कहते हैं’ची नायिका झाली आणि नंतर ‘डॉलर बहू’, ‘करिश्मा’ अशा मालिकांत तिने कामं केली. मग लग्न, न्यूयॉर्क, तिथल्या बरूक कॉलेजातून एमबीए, जाहिरात-विपणन क्षेत्रातल्या नोकऱ्या. २०१९ मध्ये ती गूगल इंडियात मोठ्या पदावर गेल्याची बातमी आली तेव्हा वर्तमानपत्रांनी ती हरवलेलं मूल सापडावं तशी छापली. जी बाई रोज ऑफिसला जात होती, बढत्या घेत होती, ती ‘सापडली’! अर्चना जोगळेकरचंही तेच. कथकची पक्की तालीम घेतलेली ही मुलगी दूरदर्शनच्या मालिकांत दिसली, ‘निवडुंग’मध्ये (१९८९) दिसली, आणि १९९९ मध्ये तिने न्यू जर्सीत अर्चना नृत्यालयाची शाखा सुरू केली. तिच्या आईने, आशा जोगळेकरांनी, मुंबईत ही संस्था १९६३ मध्ये काढली होती. ठाण्या-डोंबिवलीच्या प्रेक्षकाला ती कुठे गेली हा प्रश्न पडला त्या काळात न्यू जर्सीतल्या मराठी घरांतल्या मुली दर आठवड्याला तिच्यासमोर तत्कार करत होत्या. मृणाल दुसानिस ‘माझिया प्रियाला प्रीत कळेना’पासून दहा वर्षं घराघरांत होती, अमेरिकेला गेली, चार वर्षांनी परतली आणि २०२४च्या डिसेंबरात नव्या मालिकेत उभी राहिली. गेली, राहिली, आली. यात गूढ काय आहे?

पुरुषांच्या बाबतीत ही भाषा वापरून पाहा, लगेच हसू येईल. शिवाजी साटम सेंट्रल बँकेत नोकरी करत आणि नाटकं, मालिका करत. दिलीप प्रभावळकरही नोकरी सांभाळूनच नाटकं, मालिका करत. ज्या महिन्यांत ते पडद्यावर नसत त्या महिन्यांत ते ‘गायब’ नसत, ‘नोकरी सांभाळून’ असत. एखाद्याने अभिनय सोडून बँकेतच बस्तान बसवलं तर ‘नोकरीत रमला’ म्हणतात. बाई नोकरीत रमली तर तिने प्रतिभा वाया घालवली, आणि संसारात रमली तर विचारूच नका.

शिवाय बायकांच्या नोंदीत एक साधी मोडतोड आपल्याकडे कायमची आहे. आडनाव. ‘स्वामी’ मालिकेत रमाबाई झालेली मुलगी मृणाल देव होती. नंतर आपण ओळखतो ती मृणाल कुलकर्णी. प्रिया अरुणची प्रिया बेर्डे झाली, निवेदिता जोशीची निवेदिता सराफ. या मोठ्या नावांना काही फरक पडला नाही, कारण चेहराच ओळखीचा होता. पण जिने दोन भाग केले आणि तिसऱ्या वर्षी आडनाव बदललं, तिच्या आधीच्या कामाचा धागा तिथेच तुटला. श्रेयनामावलीत माहेरची कुणीतरी, मतदारयादीत सासरची कुणीतरी, आणि या दोघी एकच आहेत हे ठाऊक असणारे फक्त घरातले.

आता दुसऱ्या, खऱ्या गोष्टीकडे येऊ. त्यासाठी अलोरेतली एक मुलगी कल्पनेत धरू. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिने नाव काढलंय. पंचक्रोशीतल्या नमन या लोकनाट्यात गवळणी परंपरेने पुरुषच होत आले, त्यामुळे वसाहतीच्या रंगमंचावर मुलीने मुलीचं काम केलं याचंच आजीला केवढं अप्रूप. कॉलेजात एकांकिका, मग मुंबई. डोंबिवलीला मावशीकडे मुक्काम. सहा महिने फोटो वाटत हिंडल्यावर को-ऑर्डिनेटरचा फोन येतो. गुन्ह्यांच्या मालिकेत एका भागात काम आहे. मेलेल्या माणसाची बहीण. एक दिवस.

कपडे स्वतःचे आणायचे. तीन जोड, प्लेन रंगाचे. पांढरं नको आणि बारीक चौकडी नको, कॅमेऱ्यात थरथरते. कॉल सकाळी सातचा, मढला. म्हणजे डोंबिवलीहून पहाटेची लोकल, दादरला बदलायचं, अंधेरीला उतरून रिक्षाने वर्सोव्याचा धक्का, होडीने पलीकडे आणि पुन्हा रिक्षा. सात वाजता ती हजर असते. मेकअपदादा आधी मुख्य मंडळींचं उरकतात. नाश्ता होतो. बंगल्याच्या मागच्या पडवीत खुर्ची मिळते. दुपारी दीडला दिग्दर्शकाचा सहायक कागद देतो, त्यावर तिची चार वाक्यं. जेवण होतं. साडेचारला तिला बोलावतात. मास्टर शॉट होतो. त्यात ती कोपऱ्यात. मग मुख्य नटाचा क्लोजअप, कारण त्याला दुसऱ्या सेटवर पोचायचंय. तो गेल्यावर तिचा. समोर आता कुणी नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला लाइट स्टँडवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवलाय. तो तुकडा म्हणजे इन्स्पेक्टर. सहायक सपाट आवाजात इन्स्पेक्टरची वाक्यं वाचतो आणि ही त्या टेपच्या तुकड्याकडे बघून भावाच्या मरणावर रडते. खरं रडते. सेटवर क्षणभर शांतता होते, कॅमेरामन ‘छान’ म्हणतो, स्पॉटदादा न मागता पाणी आणून देतो. एवढी दाद. मग पॅकअप, व्हाउचरवर सही, प्रवासाचे रोख पैसे. मानधन नव्वद दिवसांनी.

भाग दाखवला जातो त्या रात्री अलोरेत आणि डोंबिवलीत सगळे टीव्हीसमोर. काम उत्तम झालेलं. सगळे तिला ओळखू लागतात, आणि नेमकी तिथेच माशी शिंकते. त्याच मालिकेत पुन्हा काम मागितल्यावर को-ऑर्डिनेटर म्हणतो, ‘थांब काही महिने, फेस रिपीट होतोय.’ मागच्या भागात बहीण होऊन रडलेली मुलगी या भागात खुनी निघाली तर प्रेक्षक हसेल. भागागणिक नवी गोष्ट सांगणाऱ्या मालिकांचा हा आतला नियम विचित्र आहे. पाहुणीने काम सुमार केलं तर पुन्हा बोलावत नाहीत. चांगलं केलं तर लोकांच्या लक्षात राहते, म्हणून लवकर बोलावत नाहीत. प्रत्येक भागाला ताजा चेहरा लागतो, आणि ताज्या चेहऱ्याची मागणी पुरी करायला कालचा चेहरा शिळा ठरवावा लागतो.

आकडा लहान नाही. ‘सीआयडी’ १९९८च्या जानेवारीत सुरू झाली आणि २०१८च्या ऑक्टोबरात थांबली तेव्हा १,५४७ भाग झाले होते. नुसता अंदाज करा: दर भागात बाहेरून आलेल्या दोनच बायका धरल्या, कुणाची पत्नी, कुणाची शेजारीण, तरी तीन हजारांवर कामं भरतात. एका मालिकेत. प्रद्युम्न, दया, अभिजित ही नावं पोरासोरांना पाठ. त्या तीन हजार कामांतली किती नावं कुणाला सांगता येतील? त्या बायकांशिवाय गुन्हा घडला नसता, साक्ष मिळाली नसती, दया दार फोडून आत गेला असता तर आत कुणीच नसतं.

पाहुण्या नटीला उद्योगाच्या लेखी काय किंमत असते हे एका गुजराती कादंबरीच्या दोन अवतारांत लख्ख दिसतं. मधु राय यांच्या ‘किंबल रेवन्सवूड’वरून केतन मेहतांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनसाठी ‘मिस्टर योगी’ केली. आपला मोहन गोखले त्यात अमेरिकेहून लग्नासाठी आलेला योगेश पटेल होता. बारा राशींच्या बारा मुली बघायच्या, असा त्याचा बेत. म्हणजे बारा वेगवेगळ्या मुली, बारा घरं, बारा तऱ्हा. गोखलेचं ते बावचळलेलं, घामेजलेलं हसू अजून आठवतं. पण ते हसू उमटायला समोर दर वेळी नवी, वेगळ्या मातीची मुलगी होती. मालिकेची सगळी मजा त्या बदलत्या पाहुण्यांत होती. वीस वर्षांनी, २००९ मध्ये, आशुतोष गोवारीकरांनी त्याच कादंबरीवरून ‘व्हॉट्स युअर राशी?’ काढला आणि बाराही मुली प्रियांका चोप्राकडून करून घेतल्या. कौतुकाचा विषय झाला तो. एका नटीच्या कसबाला दाद द्यायला हरकत नाही, पण हिशेब वेगळाही मांडता येतो. बारा जणींचं काम एकीला गेलं, आणि ते कुणाला खटकलंही नाही. (गोवारीकर स्वतः ‘कच्ची धूप’मध्ये भाग्यश्रीबरोबर होते. हे जग इतकं लहान आहे, आणि तरी त्यात माणसं सापडत नाहीत.)

कुणी म्हणेल, छोट्या कामांचं असंच असायचं, त्याला इलाज नाही. इतिहास तसं सांगत नाही. १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ घ्या. दादासाहेब फाळक्यांनी आपल्या लेकीला, मंदाकिनीला, त्यात कृष्ण केलं. सातेक वर्षांची पोर. त्याच्या सहा वर्षं आधी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती करायला बाई मिळेना म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं होतं, हे ध्यानात घेतलं तर मंदाकिनीचं काम किती मोठं होतं ते कळेल. तीही पुढे नटी झाली नाही. आजच्या भाषेत ‘पहिली गायब झालेली बालकलाकार’ ती. पण तिच्यासाठी कुणी हळहळत नाही, कारण तिचं काम आहे. त्या चित्रपटाचा बराचसा भाग वाचला, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात तो जपला गेला. नाग गुंडाळला जातो, ती पोर पाण्यात झुंजते, कॅमेऱ्याकडे बघून तोंडाचे नाना आविर्भाव करते. शंभर वर्षांपूर्वीची ज्वालाग्राही फिल्म टिकली, म्हणून मंदाकिनी टिकली.

त्यामानाने टीव्ही कालचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. अलोरेचा टप्पा बांधला जात होता तेच दिवस. कोयनेची वीज मुंबईकडे धावत होती आणि वरळीच्या स्टुडिओत दिवे तापत होते. त्या काळात चित्रित झालेल्याचं काय झालं? टेप महाग, कपाटं अपुरी. कार्यक्रम प्रसारित झाला की टेप पुसायची आणि पुढच्या कार्यक्रमाला वापरायची, अशी रीत होती. डब्यावर जुन्या नावाच्या चिठ्ठीवर नवी चिठ्ठी. ‘चिमणराव’ मालिकेने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्राला हसवलं. प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ अजून लोकांच्या तोंडी आहेत. चिमणरावांची काऊ कोणी केली होती असं विचारलं तर जाणत्यांचीही जीभ अडखळते. स्मिता पावसकर. त्या मालिकेचे सगळे भाग आज बघायला मिळत नाहीत, मग आठवण तरी कशाच्या आधारावर ताजी राहणार?

हे काही आपल्याकडेच झालं असं नव्हे. बीबीसीने ‘डॉक्टर हू’च्या सुरुवातीच्या सहा वर्षांतले नव्वदहून अधिक भाग असेच पुसले किंवा हरवले. फरक पुढे आहे. लोकांनी घरी टेपरेकॉर्डरवर नुसता आवाज उतरवून ठेवला होता. त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या प्रती जगभर शोधल्या गेल्या आणि २०१३ मध्ये चक्क नायजेरियातल्या एका केंद्रात नऊ भाग सापडले. तिथे एका भागात येऊन गेलेल्या नटनट्यांची नावंसुद्धा हौशी लोकांनी याद्या करून ठेवली आहेत. आपल्याकडे हौस कमी आहे असं म्हणवत नाही. जुन्या नाट्यगीतांच्या कोणत्या ध्वनिमुद्रिकेत तबल्यावर कोण होतं यावर तास-तास वाद घालणारी माणसं आपल्यात आहेत. ती हौस टीव्हीपर्यंत पोचली नाही, कारण टीव्हीला आपण कधी कला मानलंच नाही. चूल पेटवायच्या कागदासारखं ते. वापरलं आणि गेलं.

आता एक आक्षेप, आणि तो हलका नाही. बायका आपल्या मर्जीने जातात, त्यात गूढ नाही, असं म्हणणं सोयीचं नाही का? कित्येकींना घालवलंही जातं. बारा-बारा तासांच्या शिफ्ट, त्यावर दोन-दोन तासांचा प्रवास, तान्हं मूल घेऊन सेटवर बसायला धड खोली नाही. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती नोकरदार बाईला. दिवसाच्या बोलीवर काम करणारीला रजा देणार कोण, तिचा मालक कोण? आणि याहून वाईट गोष्टी आहेतच. केरळ सरकारने नेमलेल्या न्या. हेमा समितीने मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांची अवस्था तपासून २०१९च्या अखेरीस अहवाल दिला. तो लोकांसमोर यायला १९ ऑगस्ट २०२४ उजाडला. काम मिळणं बंद होईल या धास्तीने बायका तोंड उघडत नाहीत, हे त्यात नोंदलेलं आहे. तोंड उघडलेल्या बाईला कुणी ‘काढून टाकलं’ असं होत नाही. तिचा फोन वाजायचा थांबतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, गेली बिचारी कुठेतरी.

हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच नोंदीचा मुद्दा अधिक ठाम होतो. एखादी आपणहून गेली की घालवली गेली, हे ठरवायला आधी ती होती हे तरी सिद्ध व्हायला हवं. जिचं नाव यादीत नाही तिच्यावर अन्याय झाला हे सांगायचं कशाच्या आधारावर? एखाद्या निर्मितीसंस्थेत पाच वर्षांत आलेल्या मुलींपैकी किती पुन्हा आल्या, किती पहिल्याच कामानंतर आल्या नाहीत, हे मोजायला नावं लागतात. ‘गायब झाली’ हा शब्द हे मोजमाप टाळतो. एक हुरहुर लावून तो चौकशी बंद करतो. सोय कुणाची होते हे वेगळं सांगायला नको.

दुसराही आक्षेप आहे, नाजूक. तिला सापडायचंच नसेल तर? पंचवीस वर्षांपूर्वी तीन मालिका केलेली बाई आज एखाद्या तालुक्याच्या गावी शिक्षिका असेल, आणि कुणीतरी कॅमेरा घेऊन दारात उभं राहून ‘ओळखलंत का यांना’ म्हणावं हे तिला नको असेल. नसायलाच हवं. मालमसाल्याच्या ‘सध्या काय करते’ छापाच्या लेखांनी अशा कितीतरी जणींच्या दारात शिरकाव केलाय: वजन किती वाढलं, केस पिकले का, घर कसं आहे. माणसाचा पत्ता हुडकणं वेगळं आणि कामाचा पत्ता लिहून ठेवणं वेगळं. तिची आजची गल्ली कुणाला कळायची गरज नाही. पण अमुक साली, अमुक भागात, ती चार वाक्यं म्हणणारी ही होती, एवढं लिहिलेलं असायला तिच्या खासगीपणाला कुठे धक्का लागतो? फिटरचा घरचा पत्ता कुणी मागत नाही. कोणत्या संचावर काम केलं हे मस्टरवर असतं.

मालिका संपताना वर सरकणारी नावं हे खरं तर मस्टरच. दूरदर्शनच्या दिवसांत ती हाताने रंगवलेल्या पाट्यांवर सावकाश येत आणि माणसं ती वाचतही. वाहिन्या आल्या आणि ती नावं पडद्याच्या एका पट्टीत ढकलून बाजूला पुढच्या मालिकेची जाहिरात सुरू झाली. नंतर दैनंदिन मालिकांत ती इतक्या वेगाने पळू लागली की वाचायला भिंग लागावं, आणि पाहुण्यांची नावं त्यात बहुधा नसतातच. ओटीटीवर तर नावं सुरू व्हायच्या आत पुढचा भाग आपोआप चालू होतो. आपणही बोट तिथेच ठेवून बसलेले असतो.

नाव शाबूत राहतं अशी एकच जागा उरते, आणि ती कुणाच्या ध्यानीमनी नसते. मढच्या त्या बंगल्यात पॅकअपनंतर अलोरेच्या मुलीने ज्यावर सही केली ते व्हाउचर. त्यावर पूर्ण नाव असतं, पॅन क्रमांक असतो, मालिकेचं नाव, चित्रीकरणाची तारीख, बऱ्याचदा भागाचा क्रमांक आणि ‘मृताची बहीण’ असा भूमिकेचा उल्लेखही. नव्वद दिवसांनी पैसे येतात तेव्हा दहा टक्के कर कापलेला असतो आणि त्याची नोंद सरकारदरबारी जाते. पाहुण्या नट्यांचा सगळ्यात नेटका इतिहास देशात कुणाकडे असेल तर तो आयकर खात्याकडे, असं म्हटलं तर तो निव्वळ विनोद होणार नाही. चित्रपट संग्रहालयाने, विद्यापीठाच्या नाट्यविभागाने, नाहीतर चिपळूणच्या १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयाने निर्मितीसंस्थांकडे पत्र टाकून एवढंच मागावं: रकमा आणि पॅन खोडा, पण नाव, तारीख, मालिका, भूमिका एवढे चार रकाने आम्हाला द्या. खर्च नाही, कॅमेरा नाही, कुणाच्या दारात जाणं नाही.

मागायचं तर लवकर मागायला हवं. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं आठ आर्थिक वर्षं जपून ठेवावी लागतात. त्यानंतर अंधेरीच्या त्या ऑफिसात जागेची टंचाई होते, अकाउंटंट जुन्या बॉक्स फाइली जिन्याखाली काढून ठेवतो, आणि शनिवारी रद्दीवाला काटा घेऊन येतो.